लाख व्ह्यूज, हातात किती?

नाचणाऱ्या मुलीच्या घरी हल्ली एक संवाद हमखास घडतो. आई कौतुकानं सांगते, "हिच्या व्हिडिओला लाखावर व्ह्यूज गेले!" काका लगेच विचारतात, "मग पैसे किती आले?" मुलगी गप्प बसते, कारण बहुतेक वेळा उत्तर 'काहीच नाही' असं असतं. काकांना वाटतं पोरीला कुणीतरी फसवतंय. मुलीला वाटतं काकांना यातलं काही कळत नाही.

काकांचा प्रश्न रास्त आहे. इंटरनेटवर नाच बघणारे पुष्कळ मिळतात, पण नुसत्या बघण्याचे पैसे फार थोडे असतात. खरा पैसा देणारा माणूस वेगळाच असतो. त्याला नाच शिकायचा असतो, बहिणीच्या लग्नात नाचायचं असतं, नाहीतर गावच्या यात्रेला कार्यक्रम ठरवायचा असतो. व्ह्यूजच्या गर्दीतून हा माणूस कसा शोधायचा, हे या प्रकरणात पाहू. आधी मात्र काकांचा हिशेब करून टाकू.

१. जाहिरातीचा हिशेब

यूट्यूबवर व्हिडिओच्या आधी किंवा मध्ये जाहिरात लागते. जाहिरातदार यूट्यूबला पैसे देतो आणि यूट्यूब त्यातला वाटा व्हिडिओ करणाऱ्याला देतं. पण तो सगळ्यांना मिळत नाही. त्यासाठी चॅनेलला 'पार्टनर प्रोग्रॅम'मध्ये प्रवेश मिळावा लागतो आणि त्याच्या अटी आहेत. १,००० सबस्क्रायबर हवेत. शिवाय गेल्या १२ महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावेत, नाहीतर ९० दिवसांत तुमच्या शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज मिळालेले असावेत.

४,००० तास म्हणजे किती? तुमचा नाच चार मिनिटांचा आहे आणि प्रत्येकानं तो शेवटपर्यंत पाहिला असं धरलं, तर ६०,००० वेळा. पण शेवटपर्यंत कोण बघतं? सरासरी दीड मिनिटात माणूस पुढे सरकत असेल, तर तेवढेच तास भरायला १,६०,००० व्ह्यूज लागतात. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या ४,००० तासांत धरत नाहीत, हे पुष्कळांना फार उशिरा कळतं.

आता अटी पूर्ण झाल्या असं समजा. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के चॅनेलला मिळतात. जाहिरातदारानं किती मोजले, यावर रक्कम ठरते. ते प्रेक्षक कुठल्या देशातला, भाषा कुठली, दिवाळीचे दिवस आहेत की जूनचा सुका महिना, यावर अवलंबून असतं. हिशेबापुरतं धरू की दर हजार व्ह्यूजमागे ६० रुपये जमले. लाख व्ह्यूजचे ६,००० झाले, त्यातले तुमचे ३,३००. नऊवारी, दागिने, मेकअप आणि हॉलचं भाडं काढा, म्हणजे काकांना उत्तर मिळेल.

शॉर्ट्सचा हिशेब आणखी बारीक आहे. तिथे १ फेब्रुवारी २०२३ पासून जाहिरातीतला वाटा मिळू लागला. सगळ्या शॉर्ट्सच्या मध्ये लागणाऱ्या जाहिरातींचे पैसे एकत्र करतात आणि व्ह्यूजच्या प्रमाणात वाटतात. शॉर्टमध्ये एक गाणं वापरलं असेल, तर तुमच्या व्ह्यूजच्या पैशांतला अर्धा भाग आधी संगीताकडे जातो. उरलेल्यातले ४५ टक्के तुमचे. समजा १० लाख व्ह्यूज मिळाले आणि हजारामागे ५ रुपये जमले. एकूण ५,०००. गाण्याचे २,५०० गेले, उरलेल्या २,५०० मधले ४५ टक्के म्हणजे १,१२५ रुपये. दहा लाख माणसांनी पाहिलं आणि हातात आले ते घुंगरांच्या जोडीलाही पुरतील का, शंका आहे.

इन्स्टाग्रामवर तर भारतातल्या नर्तकांना रीलच्या जाहिरातींतून असा ठरलेला, नियमित वाटाही मिळत नाही. तिथल्या व्ह्यूजचा उपयोग वेगळा आहे, त्याकडे पुढे येऊ.

२. नाच तुमचा, गाणं कुणाचं?

पार्टनर झालेल्या चॅनेललाही एखाद्या व्हिडिओचे शून्य रुपये मिळू शकतात. कारण बहुधा गाणं असतं.

एका गाण्यात दोन निरनिराळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्ड झालेल्या आवाजाचा. 'चंद्रमुखी' (२०२२) चित्रपटातल्या 'चंद्रा' या लावणीवर तुम्ही अप्रतिम नाचलात, तरी मागे वाजणारं रेकॉर्डिंग तुमच्या मालकीचं नाही. यूट्यूबकडे 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा २००७ पासून आहे. संगीत कंपन्यांनी आपल्या गाण्यांचे नमुने तिच्यात देऊन ठेवलेले असतात. तुम्ही व्हिडिओ चढवला की ती आवाज जुळवून बघते आणि जुळला की मालकाच्या वतीनं दावा लागतो. मालक तो व्हिडिओ अडवू शकतो, नुसतं लक्ष ठेवू शकतो किंवा त्यावरच्या जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवू शकतो. पुष्कळदा तिसरी गोष्ट होते. व्हिडिओ चालू राहतो, टाळ्या तुम्हाला आणि पैसे कंपनीला.

असा दावा लागला म्हणून घाबरायचं कारण नाही, ती शिक्षा नव्हे. 'कॉपीराइट स्ट्राइक' मात्र वेगळी. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्या तर चॅनेलच जाऊ शकतं. इन्स्टाग्रामवर आणखी एक खाचखळगा आहे. तुम्ही खातं 'बिझनेस' केलंत की गाजलेली बरीचशी गाणी यादीतून गायब होतात, कारण ती परवानगी खासगी वापरापुरती असते. साडीच्या दुकानाची जाहिरात सिनेमाच्या गाण्यावर करायची तर गाण्याची वेगळी परवानगी लागते. "सगळेच तर करतात" हे उत्तर कंपनीच्या वकिलाला चालत नाही.

मग नाचायचं कशावर? इथे शास्त्रीय आणि पारंपरिक नाच करणाऱ्यांचं नशीब चांगलं आहे आणि ते त्यांच्या लक्षात येत नाही.

भारतीय कायद्यात रचनेचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ या शाहिरांच्या लावण्या केव्हाच सर्वांच्या झाल्या आहेत. मात्र परवाच कुणी त्यातली एखादी नव्यानं गाऊन रेकॉर्ड केली असेल, तर ते रेकॉर्डिंग त्यांचं. तुम्ही तीच लावणी आपल्या गायिकेकडून, आपल्या ढोलकीवाल्याबरोबर रेकॉर्ड करून घेतलीत तर ती तुमची.

कथकवाल्यांचं तर आणखी सोपं. तोडे, तुकडे, परण यांची पढंत नर्तक स्वतःच्या तोंडानं करतो. मागे लहरा हवा, तो एखाद्या पेटीवाल्याला मानधन देऊन वेगवेगळ्या लयींत एकदाच रेकॉर्ड करून ठेवता येतो. वर्षभराचे व्हिडिओ त्यावर निघतात. कधी कधी यंत्र एक लहरा दुसऱ्यासारखा आहे असं समजून खोटा दावा लावतं. अशा वेळी हरकत नोंदवायची. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. हरकत घेताना हाताशी पुरावा हवा, म्हणून वादकाशी झालेला कागद जपून ठेवायचा. कागदात फार काही लागत नाही. काय वाजवलं, कधी वाजवलं, कुठे कुठे वापरणार, किती मानधन दिलं आणि दोघांच्या सह्या, एवढं एका पानात मावतं.

३. पडद्यावरची दौलतजादा

जाहिरातदाराला मध्ये न घेता प्रेक्षकानं थेट पैसे द्यायची सोयही यूट्यूबवर आहे. थेट कार्यक्रम चालू असताना प्रेक्षक पैसे देऊन आपला संदेश ठळक करतो, त्याला सुपर चॅट म्हणतात. संगीतबारी पाहिलेल्यांना हे नवीन वाटायचं कारण नाही. रसिक दौलतजादा करतो, फर्माईश करतो, बाई त्याचं नाव घेते, आणि जमलेल्या पैशांत थिएटरच्या मालकाचाही वाटा असतो. इथे मालकाच्या जागी यूट्यूब बसलं आहे. कर आणि ॲप स्टोअरची कपात गेल्यावर उरलेल्यातले ७० टक्के कलाकाराचे.

या सोयीसाठी अटही सौम्य आहे. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना ३० लाख व्ह्यूज. दरमहा ठरावीक रक्कम देणारे 'मेंबर'ही याच पायरीवर घेता येतात. १०० रुपये देणारे ४० मेंबर मिळाले, तर इतर कपात सोडून महिन्याला २,८०० रुपये होतात. मघाच्या लाख व्ह्यूजच्या जवळपास तेवढेच, आणि तेही ४० माणसांकडून. त्या ४० जणांना मात्र काहीतरी जास्तीचं द्यावं लागतं. रियाजाचा व्हिडिओ, एखाद्या परणाची फोड, महिन्यातून एकदा प्रश्नोत्तरं. हे दर महिन्याला न चुकता जमणार नसेल तर मेंबर घेऊच नयेत.

तिकीट लावून ऑनलाइन कार्यक्रम करण्याची लाट २०२० च्या टाळेबंदीत आली आणि नाट्यगृहं उघडल्यावर ओसरली. परदेशातल्या नातेवाइकांसाठी अरंगेत्रमचं थेट प्रक्षेपण वगैरे सोडलं, तर त्यात आता फार दम राहिलेला नाही.

४. शिकवणी

नाचातून ऑनलाइन मिळणारा सर्वांत भरवशाचा पैसा शिकवण्याचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. साधा हिशेब बघा. महिन्याला १,५०० रुपये देणारे १२ विद्यार्थी म्हणजे १८,००० रुपये. मघाच्या दरानं जाहिरातीतून एवढी रक्कम मिळवायला साडेपाच लाखांच्या आसपास व्ह्यूज लागतील, आणि तेही दर महिन्याला.

मागणी कुठून येते? पहिली परदेशातल्या मराठी घरांतून. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. अशा मंडळांच्या गणेशोत्सवात, दिवाळीत मुलांचे नाच असतातच. पुष्कळ आईवडिलांना त्यापलीकडे परीक्षाही हवी असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या मराठी पालकांच्या ओळखीच्या आहेत. "अमुक परीक्षेपर्यंतचा अभ्यास करून घेते" असं सांगणारी ताई "कथक शिकवते" असं सांगणाऱ्या ताईपेक्षा पालकांना लवकर पटते, कारण काय मिळणार ते आधीच दिसतं.

वेळेचं गणित आधी नीट मांडावं लागतं. पुण्यात सकाळचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा. मुलं शाळेतून येऊन, खाऊन मोकळी झालेली असतात. नोव्हेंबरात तिकडे घड्याळ तासभर मागे जातं, तेव्हा तोच वर्ग इथे साडेसातला घ्यावा लागतो. सकाळी इथला वर्ग असेल तर दोन्ही आदळतात. न्यू जर्सीची मुलं मात्र कॅलिफोर्नियाच्या वर्गात बसत नाहीत, त्यांच्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ झालेले असतात. त्यांना शनिवार-रविवारी त्यांच्या सकाळी नऊला घ्यावं, तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. हे वेळापत्रक फी सांगण्याच्या आधी पालकांना लेखी द्यावं, नोव्हेंबर आणि मार्चच्या बदलासकट.

आता सर्वांत मोठी अडचण. ऑनलाइन वर्गात सम सापडत नाही. नवीन शिक्षिकेला वाटतं मुलगी लयीत कच्ची आहे. दोष मुलीचा नसतो. तुम्ही इथे तीनताल वाजवता, तो आवाज तिकडे पोचायला क्षणाचा काही अंश लागतो. ती त्यावर पाय टाकते, तिचं चित्र आणि आवाज परत यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. म्हणजे तुमच्या समेवर तिची सम दोन खेपांच्या उशिरानं दिसते. ती अगदी बिनचूक असली तरी तुम्हाला चुकलेलीच दिसणार.

उपाय एकच, लहरा तिच्या बाजूला वाजवायचा. तिच्या घरच्या स्पीकरवर लहरा आणि त्यावर तिचे पाय, हे दोन्ही एकाच खेपेत एकत्र तुमच्याकडे येतात. उशीर होतो तो दोघांनाही सारखा, त्यामुळे सम जिथल्या तिथे ऐकू येते. तुम्ही फक्त ऐकायचं, बरोबरीनं हातानं ताल धरायचा नाही. जुन्या सवयीमुळे हात आपोआप उठतो, तो आवरावा लागतो. गटाच्या वर्गात सगळ्यांचे माइक बंद ठेवून पाळीपाळीनं एकेकीचं ऐकावं.

दुसरी खोच माइकची. झूमसारखी ॲप बोलण्याचा आवाज ठेवून बाकीचा 'गोंगाट' गाळतात. घुंगरू, तबला, तत्कार हे सगळं त्यांच्या लेखी गोंगाट. मुलीनं चौगुन उत्तम केली तरी तुम्हाला मधेच शांतता, मधेच खडखड ऐकू येते. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं की पाय नीट ऐकू येतात. पहिल्या वर्गाची पंधरा मिनिटं फक्त यात घालवली तरी वाया जात नाहीत. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत बंद पडते, तेही आधीच हिशेबात धरावं.

कॅमेरा टेबलावर ठेवला तर पाय कापले जातात. तो कमरेच्या उंचीवर आणि लांब हवा. हस्तक दाखवताना समोर तोंड करावं, पण पदन्यास शिकवताना विद्यार्थ्यांकडे पाठ करून उभं राहावं. नाहीतर तुमचा उजवा पाय त्यांना डावीकडे दिसतो आणि अर्धा वर्ग उलटा शिकतो.

दुसरी मागणी लग्नाची. 'संगीत' आता मराठी लग्नांतही रुळलं आहे. नवरी पुण्यात, करवली सिंगापूरला, नवरदेवाचे मित्र बंगळुरूला, आणि सगळ्यांना एका गाण्यावर एकत्र नाचायचं आहे. अशा वेळी गाण्यामागे ठरावीक रक्कम घेऊन, प्रत्येकाच्या जागेचे वेगळे व्हिडिओ आणि दोन-तीन ऑनलाइन तालमी असं काम करणारे नृत्यदिग्दर्शक आहेत. इथे निम्मे पैसे आधी घ्यावेत. लग्न लागल्यावर उरलेल्या निम्म्यासाठी फोन करणं अवघड जातं. किती वेळा बदल करून देणार, तेही आधी ठरवावं. मावशीला मधेच नाचायचं असतं, हे गृहीत धरून.

तिसरी मागणी शाळांची. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं असतात आणि नृत्याची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे अशा बाई मोबाइलवर सोप्या स्टेप शोधत असतात. त्यांच्यासाठी कोळीगीत किंवा गोंधळाच्या ठेक्यावरच्या स्टेप, तोंडानं आकडे मोजत, सावकाश शिकवणारा व्हिडिओ केलात तर तो दर वर्षी त्याच महिन्यांत पुन्हा चालतो. आकडे मोजून शिकवल्यामुळे गाण्याचा दावाही लागत नाही. सादरीकरणाचा व्हिडिओ लोक एकदा पाहतात. शिकवण्याचा व्हिडिओ थांबवून, मागे घेऊन, वेग कमी करून पुन्हा पुन्हा पाहतात, त्यामुळे ४,००० तासांच्या अटीलाही त्याचीच जास्त मदत होते.

रेकॉर्ड केलेला पूर्ण कोर्स विकावा का? विकावा, पण आधी निदान एक तुकडी समोर शिकवून झाल्यावर. विद्यार्थी कुठे अडतात ते कळल्याशिवाय केलेला कोर्स शिक्षिकेला सोपा आणि विकत घेणाऱ्याला निरुपयोगी होतो.

५. रील कशासाठी?

मग रील करूच नये का? जरूर करावी, पण तिच्याकडून ठरावीक कामच करून घ्यावं. रील पाहून कुणीतरी फोन केला पाहिजे.

नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी येऊन यात्रेची सुपारी ठरवतात, इसार देतात. आज कारभाऱ्यांच्या खिशात मोबाइल आहे आणि कुणाला बोलवायचं याचा विचार राहुटीत येण्याआधीच सुरू होतो. गौतमी पाटील यांचं नाव गावोगाव पोचलं ते समाजमाध्यमांवर फिरलेल्या व्हिडिओंमुळे, आणि त्यातून प्रत्यक्ष कार्यक्रमांची मागणी उभी राहिली. नॉर्वेतल्या 'क्विक स्टाइल' या गटाचंही तसंच. २०२२ मध्ये एका लग्नात 'काला चष्मा'वर केलेला त्यांचा नाच जगभर पाहिला गेला आणि पुढच्या वर्षी ही मंडळी भारतात येऊन नाचून गेली.

म्हणून प्रोफाइलवर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. काय करता, कुठे राहता आणि कामासाठी संपर्क कुठे करायचा. पुष्कळ उत्तम नर्तकांच्या प्रोफाइलवर एक सुविचार असतो आणि फोन नंबर नसतो. हा नंबर घरचा नसावा, कामासाठी वेगळं सिम घ्यावं.

ब्रँडची कामं हा रीलमधून येणारा दुसरा पैसा. सुरुवात बहुधा "साडी पाठवतो, रील करा" अशी होते. साडी घ्यायला हरकत नाही, पण साडीनं हॉलचं भाडं भरता येत नाही. पैशाचं काम असेल तर किती रील, त्या किती दिवस ठेवायच्या आणि तुमचा व्हिडिओ कंपनी स्वतःच्या जाहिरातीत वापरणार का, हे लेखी घ्यावं. शेवटच्या गोष्टीचे पैसे वेगळे मागावेत. आणि पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली रील ही जाहिरात आहे असं तिच्यावर स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेचे तसे नियम २०२१ पासून आहेत.

एका व्यासपीठावर सगळं ठेवू नये, हे २९ जून २०२० ला पुष्कळांना कळलं. त्या दिवशी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी नाचणाऱ्यांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला, आणि त्यांच्यापाशी त्या माणसांचा पत्ताही नव्हता. विद्यार्थी, आयोजक, जुने ग्राहक यांची यादी स्वतःच्या वहीत असावी.

६. स्टेप कुणाची?

२०१९ मध्ये अमेरिकेत अटलांटाजवळ राहणाऱ्या १४ वर्षांच्या जलाया हार्मननं 'रेनेगेड' नावाचा नाच बसवला. तो टिकटॉकवर तुफान चालला, नाव मात्र दुसऱ्यांचं झालं. तिला श्रेय मिळायला २०२० चा फेब्रुवारी उजाडला. नृत्यदिग्दर्शक काइल हानागामी यांनी 'फोर्टनाइट' या खेळाच्या कंपनीवर आपल्या स्टेप वापरल्याचा दावा केला. खालच्या कोर्टानं तो फेटाळला होता, पण २०२३ मध्ये वरच्या कोर्टानं पुन्हा चालू केला. नृत्य म्हणजे सुट्या मुद्रांची यादी नव्हे, असं त्या कोर्टाचं म्हणणं पडलं. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरली आहे, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली हवी. ताललिपीत लिहायची सवय कथकवाल्यांना असतेच, तीत हालचालींची टिपणं आणि तारीख जोडावी. तत्कार, थाट, अडवू ही मूळ बाराखडी कुणाच्याच मालकीची नाही. तिच्यातून बांधलेली तुमची रचना तुमची. शिवाय सादर करणाऱ्याचा म्हणून एक स्वतंत्र हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो. कायद्यातल्या 'परफॉर्मर'च्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला कसरतपटू, जादूगार आणि चक्क गारुडीही आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्कही दिला.

७. पैसे हातात येताना

यूट्यूबचे पैसे १०० डॉलर साठल्याशिवाय निघत नाहीत, म्हणून पहिले काही महिने काहीच आलं नाही तर गोंधळू नका. १० डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टानं एक पिन येतो, तेव्हा पत्ता आधार कार्डावरच्यासारखा नीट लिहा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर तिकडे कर कापतात. कराचा फॉर्म भरला असेल तर भारतीयांना १५ टक्के, न भरल्यास जगभरच्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. फॉर्म दहा मिनिटांचा आहे.

परदेशातल्या विद्यार्थ्यांची फी बँकेतून किंवा पेपॅलसारख्या सेवेतून येते. पेपॅलनं भारतातल्या भारतात पैसे देणं १ एप्रिल २०२१ पासून बंद केलं आहे, त्यामुळे इथल्या पालकांसाठी यूपीआय बरं. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे पाठवलेत, पिन टाका" म्हणणारा चोर असतो. अशी फसवणूक झाली तर लगेच १९३० या नंबरवर कळवावं.

जीएसटीबद्दल उगाच भीती असते. सेवेचं वार्षिक उत्पन्न २० लाखांच्या आत असेल तर एरवी नोंदणी लागत नाही. लोककला किंवा शास्त्रीय नृत्याच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर कर माफ आहे, आणि एकट्या व्यक्तीनं दिलेलं कलाशिक्षणही करमुक्त आहे. ब्रँडच्या प्रचाराला मात्र ही माफी नाही. फुकट आलेल्या वस्तूंची किंमत वर्षात २०,००० च्या वर गेली तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. उत्पन्न वाढलं की एकदा सीएकडे जाऊन यावं. त्याची फी वसूल होते.

८. एक अप्रिय पण लागणारी गोष्ट

नाचणाऱ्या बाईचे व्हिडिओ चोरले जातात, खोटी खाती निघतात, घाणेरड्या प्रतिक्रिया येतात. त्यासाठी शब्द गाळण्याची सोय सुरुवातीलाच चालू करावी, घर, मुलांची शाळा, रोजची वेळ पडद्यावर येऊ देऊ नये. प्रकरण पुढे गेलं तर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करावी, स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवाव्यात. विद्यार्थिनींचे व्हिडिओ टाकायचे तर पालकांची लेखी परवानगी हवीच. व्हिडिओवर 'मुलांसाठी' अशी खूण केली की त्यावरच्या प्रतिक्रिया, मेंबरशिप आणि प्रेक्षकाची आवड पाहून लावल्या जाणाऱ्या जाहिराती बंद होतात. तेव्हा मोठ्यांसाठीच्या व्हिडिओवर ती चुकून करू नये आणि मुलांसाठी असलेल्यावर टाळूही नये.

शेवटी एक विनंती. व्हिडिओत नाचता तुम्ही, पण ढोलकी, तबला, पेटी वाजवणारे आणि झील धरणारी दुसरी माणसं असतात, आणि तीही कायद्यानं सादरकर्तीच आहेत. त्यांचं मानधन रेकॉर्डिंगच्या दिवशीच द्या आणि व्हिडिओखाली त्यांचं पूर्ण नाव लिहा.